घर बंद, सरासरी

शेजारी म्हणायचे, या माणसाच्या घरातल्या खुर्च्या फक्त पाहुण्यांसाठी आहेत. तळमजल्यावरच्या शिंप्याचं म्हणणं असं, की त्यानं याच्या पंधरा-वीस पँटी शिवल्या, पण बैठक झिजली म्हणून एकही परत आली नाही. झिजतात त्या खाली पायांशी असलेल्या मोहऱ्या. समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका सांगायच्या, "दोन मिनिटं म्हणून येतो, तासभर बोलतो, पण सगळं चौकटीला टेकून. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा. मला वर्गात शिक्षा केल्यासारखं वाटतं." इमारतीतल्या पोरांनी तर त्याचं बारसं केव्हाच करून टाकलं होतं. त्याला सगळे उभ्या म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे.

उभ्या वीज कंपनीत मीटर वाचायच्या कामावर होता. चालणं हा त्याच्या धंद्याचाच भाग. परंतु धंद्यात पाय झिजवणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन टेकतो. हा घरी आला की स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानेच जेवायचा, खिडकीशी उभ्यानेच वर्तमानपत्र वाचायचा. त्याच्या पायांना जणू कोणी तरी मागून हाका मारत असे. "तुम्ही म्हातारे झालात की तुम्हाला भिंतीला टेकवून ठेवावं लागणार," असं बायको म्हणे. पहिल्यांदा तिनं ते थट्टेनं म्हटलं होतं. पुढे पुढे थट्टा गेली आणि वाक्य तेवढं राहिलं.

मीटर वाचणं हे बाहेरून दिसतं तितकं सरळ काम नाही. मीटर कधी जिन्याखालच्या अंधारात असतो, कधी जुन्या गाद्यांच्या ढिगामागे. हातात टॉर्च, काखेत वही, नंतरच्या काळात वहीच्या जागी एक छोटं यंत्र. उंबऱ्यावरून त्याला शेकडो घरं ठाऊक होती. त्यांतल्या एकाही घराची दुसरी खोली त्यानं पाहिली नव्हती. आणि दार बंद असलं तर त्यालाही नियम होता. यंत्रात 'घर बंद' हा शेरा दाबायचा, मागच्या तीन महिन्यांची सरासरी आपोआप पडते. पुढच्या खेपेला दार उघडलं की खरा आकडा चूक निस्तरतो. वहीच्या काळात ही सरासरी तो मनातच काढत असे, आणि ती इतकी जवळ जाई, की त्याच्या नावानं कचेरीत कधी तक्रार आली नाही. दार न उघडता आतला आकडा सांगण्यात त्याचा हातखंडा होता, आणि त्याबद्दल त्याला थोडा अभिमानही होता.

एक गल्ली मात्र त्यानं बावीस वर्षांत वाचली नव्हती. ती मुळात त्याच्याच वाटणीची होती. त्यानं ती आपल्या एका सहकाऱ्याला, टकल्याला, देऊन टाकली आणि बदल्यात टेकडीवरची वस्ती घेतली, जिथं एकेका घरासाठी साठ-सत्तर पायऱ्या चढाव्या लागतात. टकल्याला वाटलं, बिचाऱ्याचं गणित कच्चं आहे. त्यानं कारण विचारलं नाही, आणि ती गल्ली आनंदानं खिशात घातली. त्या गल्लीत उभ्याची आत्या राहत होती.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या पायऱ्यांनीच त्याला धरलं. आधी दम लागू लागला, मग छातीत कोणी मूठ आवळून धरल्यासारखं होऊ लागलं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत इको करणारी मुलगी सुरुवातीला त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती. छातीवरून यंत्र फिरवता फिरवता ती गप्प झाली. बोलणारं माणूस मध्येच गप्प झालं, की मीटरमध्ये काहीतरी बिघाड आहे, हे त्याला धंद्यामुळे कळत होतं.

हृदयाचा स्नायू जाड झाला होता. डॉक्टरांनी औषध दिलं, टेकडी बंद केली आणि विचारलं, "घरात कोणी तरुणपणी, अचानक गेलं आहे का?"

वडील अडतिसाव्या वर्षी झोपेत गेले होते. मोठा भाऊ, ज्याला तो दादा म्हणे, तेहतिसाव्या वर्षी जिन्यात गेला होता. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "मुलं?"

"एक मुलगी. एकवीस वर्षांची." तो शर्टाची बटणं लावत म्हणाला, "तिची अग्निशमन दलात निवड झाली आहे."

त्या घरात दोन महिन्यांपासून दुसरा विषयच नव्हता. मुलगी रोज सकाळी पाठीवर वाळूची पिशवी घेऊन इमारतीचा जिना पाच वेळा चढत-उतरत असे. शिक्षिकाबाई घड्याळ लावून बसत. तीन महिन्यांनी प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं: पाण्यानं भरलेली जाड नळी खांद्यावर घेऊन शिडी चढायची, धुरात, वरपर्यंत. आणि आता बापाच्या छातीत निघालेलं दुखणं वंशानं खाली येणारं असू शकतं, असं डॉक्टर म्हणत होते. तसं असेल, तर ते तिच्यात असण्याची शक्यता निम्मी होती.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर अशा घराण्यांसाठी वेगळी खोली होती. तिथल्या समुपदेशक बाई वयानं लहान, बोलायला मऊ आणि विचारायला चिवट होत्या. त्यांनी एका मोठ्या कागदावर सगळं कुळ मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजारी असेल तर आतून काळं, गेलेला असेल तर वरून तिरपी रेघ. वडिलांवर रेघ पडली, दादावर रेघ पडली. उभ्याचा चौकोन काळा झाला. मुलीचं वर्तुळ रिकामं राहिलं. बाईंनी त्याचं रक्त घेतलं आणि सोबत एक लांबलचक फॉर्म दिला. प्रत्येक नातेवाईक, त्याचं वय, कधी चक्कर, कधी बेशुद्धी, हृदयाची तपासणी. "माहीत नसेल तिथं विचारून लिहा," असं त्या दोनदा म्हणाल्या.

तो फॉर्म त्यानं ओट्याशी उभ्यानेच भरला. आत्याच्या रकान्याशी त्याचा पेन अडला. वडिलांची धाकटी बहीण, वय एकाहत्तर, हे ठाऊक होतं. टकल्याकडून अधूनमधून कानावर येई तेही ठाऊक होतं: बाई ठणठणीत आहे, जीभ तर अजून तरुण आहे. बायकोनं खांद्यावरून डोकावून पाहिलं. "फोन करून विचारा ना."

"कशाला? एकाहत्तर वर्षं काढलीत म्हणजे चांगलीच असणार."

"साऱ्या गावाच्या दारात जाता, तिच्याच दारात जायला तुम्हाला काय होतं?"

 रकान्यात त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: निरोगी.

दीड महिन्यानं निकाल आला. बाईंनी बाप-लेकीला समोर बसवलं. म्हणजे मुलगी बसली. बाईंनी सांगितलं, की एका गुणसूत्रात, हृदयाचा स्नायू घडवणाऱ्या जागी, एक बदल सापडला आहे. पण हा बदल नवखा आहे. असे बदल निरोगी माणसांतही असतात. हाच गुन्हेगार की नुसताच घटनास्थळी हजर असलेला, हे आज सांगता येत नाही.

मुलीनं विचारलं, "म्हणजे मी तपासून घेतलं तर?"

"तर बदल आहे की नाही एवढं कळेल. असला तर त्याचा अर्थ काय, हे मला सांगता येणार नाही. तुझा इको आज चांगला आहे, पण तुझ्या वयात तो चांगला असूनही पुढे स्नायू जाड होऊ शकतो. अग्निशमन दलाला हे पत्रात लिहायला मला काही तरी धड हवं."

"मग अर्थ कळणार कसा?"

"घरातल्या आणखी एका माणसाकडून." बाईंनी कागद सरळ केला आणि आत्याच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि हृदय निरोगी आहे. यांचं रक्त मिळालं तर फार काम होईल. यांच्यात हा बदल निघाला आणि इतक्या वयात हृदय उत्तम आहे, तर बहुतेक करून बदल निर्दोष ठरेल. शेवटचा इको कधी झाला त्यांचा?"

उभ्या खिडकीबाहेर पाहत होता. "झाला नाही."

"मग निरोगी कोणी सांगितलं?"

"मीच लिहिलं."

"कशावरून?"

त्याच्या तोंडून ते आपसूक गेलं. "सरासरीवरून."

मुलगी खळखळून हसली, आणि मग बाई हसत नाहीत हे पाहून थांबली. बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, "काका, त्या आजारी असतील आणि मी तुमच्या शब्दावर त्यांना निरोगी धरलं असतं, तर खऱ्या गुन्हेगाराला मी सोडून दिलं असतं. आणि तुमच्या मुलीला पत्र दिलं असतं, की जा, चढ शिडी."

परत येताना बसमध्ये जागा होती. मुलगी बसली, तो दांडा धरून उभा राहिला. दोन थांबे गेल्यावर मुलगी वर न पाहता म्हणाली, "बाबा, आत्याआजीशी तुमचं काय झालं होतं, ते मला कधी तरी सांगा. माझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे?"

त्या गोष्टीचा मुलीशीच तर संबंध होता. तिचा जन्म दोन महिन्यांवर आला असताना त्यानं लाकडी कपाट विकत घेतलं होतं, बाळाच्या कपड्यांसाठी. चौथ्या मजल्यावर चढवायचं होतं. दादा मदतीला आला. काम कुणाचंही असो, दादा कधी नाही म्हणत नसे. दादा खालच्या बाजूला, हा वरच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा म्हणाला, "जरा टेकू या रे." हा पंचवीस वर्षांचा, अंगात रग. "टेकायचं काय, दोनच मजले राहिले, चल," असं तो म्हणाला. दादा हसला आणि कपाट उचललं. तिसऱ्या मजल्यावर दादाची बाजू एकाएकी जड झाली. त्याला वाटलं, दादा चेष्टा करतोय.

आत्या त्या दिवशी त्याच्याच घरी होती. जिन्यातलं सगळं बोलणं तिनं वरून ऐकलं होतं. चार दिवसांनी भरल्या घरात ती सर्वांदेखत म्हणाली, "दोन मिनिटं बसू दिलं नाहीस त्याला. तूच मारलास." तेव्हापासून तिचं दार त्याला बंद होतं, किंवा त्यानं ते बंद धरलं होतं. त्यानं कधी ठोठावून पाहिलं नव्हतं. कपाट अजून घरात होतं. मुलीचे दलाचे नवे गणवेश त्यातच टांगले होते.

प्रशिक्षणाला पाच आठवडे उरले असताना, एका मंगळवारी दुपारी, तो त्या गल्लीत शिरला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात टॉर्च. ही तयारी कशासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आत्याचं घर तळमजल्यावर होतं. आधी त्यानं जिन्याखाली वाकून मीटर वाचला. मग घंटा वाजवली आणि दोन पावलं मागे सरला. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, मग शांतता, मग पुन्हा तोच आवाज. दार उघडायला बराच वेळ लागला.

"या महिन्याचं रीडिंग झालं," आत्या म्हणाली. "तो टकल्या येऊन गेला गुरुवारी." मग तिनं डोळे बारीक केले. "धाकट्या? केस कुठे गेले सगळे?"

"आत्या, मी..."

"दारात उभा राहून बोलू नकोस, मला उभं राहायला जमत नाही." ती वळली, चार पावलं चालली आणि पॅसेजमधल्या स्टुलावर बसली. श्वास घेतला. उठली, सहा पावलं चालली आणि बाहेरच्या खोलीच्या तोंडाशी ठेवलेल्या दुसऱ्या स्टुलावर बसली. तो तिच्या मागून जात राहिला, आणि त्याची धंद्याची नजर मोजत राहिली. पॅसेजमध्ये एक, खोलीच्या तोंडाशी एक, खिडकीशी खुर्ची, स्वयंपाकघरात शेगडीला लागून एक, मोरीच्या दाराशी एक. दोन खोल्यांच्या घरात पाच बैठका होत्या, आणि एकीपासून दुसरीचं अंतर सहा पावलांपेक्षा जास्त नव्हतं. प्रत्येक बैठकीचा वरचा रंग गेलेला होता. हे कालपरवाचं दुखणं नव्हतं.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"काय केव्हापासून?"

"ही स्टुलं."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "बस आधी."

"मी बसत नाही."

"मग मी सांगत नाही. मान वर करून बोलायचं म्हणजे मला चक्कर येते."

तो खिडकीजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकला, पाखरू तारेवर बसतं तसा. 

"एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा पडले," ती म्हणाली. "बस पकडायला पळत होते. लोक म्हणाले, मुलगी नाजूक आहे. पुढे तुझा बाप गेला. चाळिसाव्या वर्षी टेलिफोन कचेरीत बोर्डासमोर पडले, तेव्हा मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, हृदय जाड आहे, घराण्यातलं असू शकतं, भाच्यांना दाखवून घ्या. दोघांनाही, असं म्हणाला. मी म्हटलं, हो."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? मलाच तर सांगितलं होतं." तिचा आवाज खरखरीत झाला. "माझी नोकरी कायम व्हायची होती. कागद कचेरीत गेला असता तर घरी बसवलं असतं. म्हटलं, नोकरी पक्की झाली की सांगू. मग नोकरी पक्की झाली, तेव्हा तुम्ही दोघं नुसते घोड्यासारखे उड्या मारत होतात. म्हटलं, यांना कशाला घाबरवू? पुढच्या महिन्यात सांगू. नऊ वर्षं मी पुढच्या महिन्यात सांगणार होते, धाकट्या."

नऊ वर्षांनी दादा जिन्यात पडला होता. तो हिशेब दोघांनीही मोठ्यानं केला नाही. उभ्याला एकदम उठावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, त्या पाचही स्टुलांना लाथ मारावीशी वाटली. तो उठलाही. खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

"आणि मला म्हणालीस, तूच मारलास."

"म्हणाले. कुणाला तरी म्हणायलाच हवं होतं. तू समोर होतास."

"बसू दिलं असतं तर वाचला असता?"

"मला काय ठाऊक? तो डॉक्टरही सांगणार नाही." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "कशाला आलास ते सांग. मीटरसाठी नाही आलास."

त्यानं सांगितलं. मुलीचं, शिडीचं, अर्थ न लागणाऱ्या बदलाचं, आणि फॉर्ममध्ये स्वतः लिहिलेल्या एका शब्दाचंही. ऐकता ऐकता आत्याचा चेहरा बंद होत गेला. "म्हणजे माझ्यात निघालं की माझ्या मुलालाही दाखवावं लागेल. पन्नाशीला आलाय तो. ट्रक चालवतो. त्याचं कोण बघणार मग?"

"लागेल दाखवावं."

"नाही. मला नको. माझी चार वर्षं राहिलीत, ती सुखानं जाऊ देत."

"बरं." तो दाराकडे निघाला आणि पॅसेजमधल्या स्टुलापाशी थांबला. "मग फॉर्मवर काय लिहू, आत्या? पुढच्या महिन्यात सांगते, असं लिहू?"

 मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. "मेल्या," आत्या म्हणाली, "चपला कुठे आहेत माझ्या?"

इस्पितळात पार्किंगपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ती नऊ ठिकाणी बसली, आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या खुर्चीला नावं ठेवली. इकोच्या खोलीत तिनं यंत्र फिरवणाऱ्या मुलीला विचारलं, "आहे ना जाड? सांग की, मला काय नवीन नाही." स्नायू जाडच होता. तीन आठवड्यांनी रक्ताचा निकाल आला: तोच बदल. शिवाय त्याच सुमारास इतर दोन ठिकाणच्या घराण्यांत, अशाच जाड हृदयाच्या माणसांत, तो बदल सापडल्याची नोंद झाली होती. बाईंनी आत्याचं वर्तुळ काळं केलं. उभ्यानं लिहिलेल्या 'निरोगी' या शब्दावर त्यांनी एक सरळ रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली.

"आता मी म्हणू शकते," त्या म्हणाल्या, "की बहुतेक हाच गुन्हेगार. आता मुलीच्या तपासणीला अर्थ आहे. नाही निघाला, तर तिची काळजी संपली. निघाला, तर शिडीचा विचार सोडावा लागेल, पण पुढे काय करायचं ते आपल्या हातात असेल. आत्यांच्या मुलाचंही आपण बघू." मग त्या मुलीकडे वळल्या. "तुला जाणून घ्यायचंच आहे, असं नाही. हा निर्णय तुझा. बाबांचाही नाही."

मुलीनं बाही आधीच वर केली होती.

दलाच्या अधिकाऱ्यानं पत्रासाठी दोन आठवडे थांबायचं कबूल केलं. मुलीनं जिना बंद केला. वाळूची पिशवी कपाटाशेजारी पडून राहिली. उभ्याची बेचैनी मात्र दुप्पट झाली. सकाळी तो चार वेळा गच्चीपर्यंत जाई, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून हळूहळू, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दर वेळी क्षणभर थांबे. दर मंगळवारी तो आत्याकडे जाऊ लागला. ती बसायला सांगे, तो खुर्चीच्या कडेला टेके, आणि दहा मिनिटांत दोघं कशावरून तरी भांडत.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी जिन्यात सगळे जमले होते, कारण शिंप्याकडे दिवे गेले होते आणि उभ्या टॉर्च घेऊन मीटर पाहत होता. शिंपी म्हणाला, "माझं मन सांगतं, पोरीत काही नाही निघणार. शरीर बघा ना तिचं, पोलादासारखं."

"दादाही पोलादासारखाच होता," उभ्याची बायको पुटपुटली.

शिक्षिकाबाई घाईघाईनं मध्ये पडल्या. "अहो, तुम्ही तर इतकी वर्षं बंद दाराबाहेरून आकडे सांगत आलात," त्या उभ्याला म्हणाल्या. "तुमचा अंदाज कधी चुकत नाही म्हणतात. काय वाटतं तुम्हाला? उद्या काय निघेल?"

उभ्यानं मीटरशेजारच्या स्विचची खिटी वर केली. शिंप्याच्या घरात दिवा लागला. टॉर्च बंद करून तो वळला आणि म्हणाला, "घर बंद आहे, बाई. सरासरी मी आता काढत नाही."